न्हाव्याने संघ विकला म्हणे

ऑरिन हॅचलरने संघ विकला, असं ज्याला म्हणायचं असेल त्याने एकदा माझ्यासमोर येऊन म्हणावं. पाठीमागे काय, कुत्रीपण भुंकतात.

आमच्या केल्सो फोर्कमध्ये न्हावी एकच, ऑरिनकाका. गाव चालतं कॉलेजवर आणि कॉलेज चालतं फुटबॉलवर. अभ्यासाचं मला विचारू नका, मी शाळेतूनच पळालो. पण फुटबॉल मला कळतो, आमचा अमेरिकन, हातात बॉल घेऊन पळायचा. बॉल काखेत दाबायचा, मुंडी खाली घालायची आणि समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसायचं. डोकं वाचवायला चामड्याची टोपी घातली तर पोरी हसणार. म्हणून उन्हाळ्यापासून केस वाढवायचे. डोक्याला गादी काय ती तेवढीच.

वर कॉलेजचा नियम असा, की संघ हरेपर्यंत एकाही विद्यार्थ्याने केस कापायचे नाहीत. नियम ऐकायला लई शूर. पण आमचा संघ पहिल्या नाहीतर दुसऱ्या सामन्यात हमखास आपटायचा, आणि सोमवारी काकांच्या दारात रांग लागायची. मैदानाच्या दोरीला लटकून सगळ्यात मोठ्याने ओरडायचे ते काकाच. संघ जिंकला तर जीव खूश, हरला तर गल्ला खूश. एवढा सुखी माणूस अख्ख्या इंडियाना राज्यात दुसरा नव्हता.

मग १९०३ साल आलं आणि संघ जिंकायलाच लागला.

कारण ल्यूट ब्रॅनम. मक्याच्या शेतातून आलेला पोरगा. मान बैलाची, बोलणं नवरीचं. तो घुसला की चार जणांना अंगावर घेऊन पुढे जायचा. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, हार काही होईना. सगळं कॉलेज मेंढरासारखं दिसायला लागलं. काका रिकाम्या दुकानात वस्तरे परजत बसायचे. मढ्याची दाढी करायला बोलावणं आलं तरी पळत जायचे.

"रविवारी चर्चमध्ये देवाला सांग, एकदा हरव म्हणून," त्यांची बायको डेला म्हणायची.

"तोंड आवर, डेला."

"तोंड आवरते. पोट कसं आवरू?"

तरी शनिवारी काका दोरीला लटकलेलेच. गाव चिडवायचं, "काय काका, आज कोणाकडून ओरडणार?" काका अजून मोठ्याने ओरडायचे.

शेवटून दुसऱ्या सामन्यात भलतंच झालं. समोरच्या एकाने ल्यूटचे केस मुठीत धरले आणि त्याला पोत्यासारखा आपटला. मग सगळ्यांनाच युक्ती कळली. आम्ही कसेबसे जिंकलो. पुढचा सामना शेवटचा, नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, मार्डन कॉलेजशी. मार्डनला हरवणं म्हणजे आमच्याकडे मोक्षच.

काका थेट पोरांच्या खानावळीत गेले. "ल्यूट, पोरा, हे केस नाहीत, दुसऱ्याच्या हातात दिलेला कासरा आहे. कापून घे."

सगळे जण टेबलं हादरेपर्यंत हसले. कप्तान वेंडेल म्हणाला, "मांजर सांगतंय, दूध नासलंय, मलाच देऊन टाका!"

"फुकट कापतो."

"फुकट? मग तर नक्कीच काहीतरी काळंबेरं आहे."

काकांचे कान लाल झाले. ते निघून आले. पण सामन्याच्या आदल्या दिवशी ल्यूट मागच्या दाराने दुकानात शिरला. "काका, मान दुखते हो खरंच," म्हणाला. काकांनी त्याचे केस कापले.

सामना सुरू झाला. मार्डनची पोरं केसांवर झडप घालायची आणि हातात वारा यायचा. ल्यूट सुळकन निसटायचा. "बघा! बघा मेल्यांनो!" काका रडत ओरडत होते. अर्धा सामना काका बरोबर होते. हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

मग ढिगाऱ्यात ल्यूटच्या डोक्याला कोणाचा तरी बूट लागला. गादी तर काढलेली. तोंडावर पाणी मारून त्याला उभा केला, तेव्हा तसंच करायचे. पुढच्याच डावात बॉल घेऊन तो असा पळाला, असा पळाला, की सबंध सीझनमध्ये तसं कोणी पळालं नव्हतं. फक्त उलट्या दिशेला. मागून आमचीच पोरं बोंबलतायत, "अरे गाढवा, फिर!" आपल्याच रेषेपलीकडे जाऊन तो बॉलवर हसत आडवा झाला, आणि मार्डनवाले त्याच्यावर पडले. आपल्याच रेषेमागे अडकला की समोरच्याला दोन गुण, असा नियम. बाकी सबंध सामन्यात कोणाला काहीच नाही. संपलं.

अंधार पडायच्या आत गावभर झालं, न्हाव्याने गल्ल्यासाठी संघ विकला.

आता गंमत बघा. हरल्यावर केस कापायचे, हा नियम. आणि न्हावी एकच. मार्डनलाही एक होता, पण तिथे जाण्यापेक्षा पोरं विहिरीत गेली असती. सकाळी अख्खं कॉलेज दुकानासमोर रस्त्यापलीकडे उभं. आत कोणी येईना.

"फुकट काप," डेला म्हणाली, "तोंडं बंद होतील."

"फुकट कापले तर पाप कबूल केलं. पैसे घेतले तर पापाची कमाई. बंद ठेवलं तर पळाला."

"मग करणार काय?"

काका दारात गेले. "मी संघ विकला असं ज्याला वाटतं, त्याने माझ्या खुर्चीत बसू नये. जो बसेल तो पूर्ण पैसे देईल."

कोणी हलेना. पण दुसऱ्या दिवशी नाच होता, आणि वेंडेलच्या मैत्रिणीने त्याला सांगितलं होतं, भिजलेल्या कुत्र्याबरोबर मी नाचणार नाही. वेंडेल आला, बसला.

"विकला का मी?"

"काका, कानावरचे जरा जास्त घ्या."

"विचारलं ते सांग."

"नाही हो, नाही! कापा आता!"

मग एकामागून एक सगळे आले. संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलेजने काकांना निर्दोष ठरवलं, पैसे मोजून. कोर्टातसुद्धा एवढे साक्षीदार मिळत नाहीत. काकांच्या तोंडावर मात्र आनंद म्हणून दिसेना.

शेवटी ल्यूट आला. डोक्याला फडकं बांधलेलं. कापायला काही नव्हतंच, तरी बसला. त्याला त्या आठवड्यातलं काहीही आठवत नव्हतं.

"काका, मी उलटा पळालो म्हणे?"

"पळालास."

"आणि केस कोणी कापले?"

"मी. ते लोक केस ओढत होते म्हणून."

ल्यूटने आरशात बघत डोक्यावरच्या फडक्यावरून हात फिरवला. "मी स्वतःहून बसलो होतो?"

"हो."

"मग मला पटलं असणार," म्हणाला आणि उठला.

दिवसभरात काकांनी 'विकला का' न विचारता त्यांच्या बाजूने बोललेला तो एकटाच. काकांनी त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. तो गेल्यावर रिकामी खुर्ची पुसत राहिले, डेला जेवायला हाका मारत होती तरी.