भुईगावातले मेणाचे हात

दोन दिवस समुद्राकाठी शांत राहायचं ठरलं आणि शुक्रवारी सकाळी नाशिकहून निघालो. भिवंडीपुढचा कामण-चिंचोटी रस्ता खड्ड्यांचा आहे. छोटी गाडी असेल तर हाताशी वेळ ठेवा. भुईगावात वाडीतली खोली जेवणासह मिळते, मात्र आधी फोन करावा लागतो. किनारा चालत जाण्याइतका जवळ.

संध्याकाळी खोलीचे मालक बावतीसकाका म्हणाले, "आमचा कारखाना बघणार?" केळींमागे पत्र्याची शेड होती. आत दोऱ्यांना मेणाचे हात-पाय टांगलेले, नवसाला देवळात, म्हणजे चर्चमध्ये, वाहतात ते. वारा नव्हता, तरी बोटं हलल्यासारखी वाटत होती. तीन बायका कामाला, स्टुलं मात्र चार. रिकाम्या स्टुलापुढच्या चहातून वाफ निघत होती.

"इनास, चहा गार होतो गं," वैशाली नावाची बाई त्या स्टुलाला म्हणाली. कुणी हसलं नाही. तिथल्या ट्रेमध्ये नुसते उजवे हात मांडलेले.

"गेल्या का त्या?" मी हळूच विचारलं.

"कुठे जाते? घरी आहे," काका म्हणाले. "झटका आला, उजवा हात चालत नाही. तिचं उजव्या हातांचं काम ह्या तिघी वाटून घेतात, पगार तिचा तिला. पण तिला ते पटत नाही. उद्या येऊन बघते म्हणाली. जमलं नाही तर काम सोडणार."

"पानी घ्या," वैशालीने तांब्या पुढे केला. "घाबरलात ना? सगळेच घाबरतात."

दुसऱ्या दिवशी मी निघणं लांबवलं. इनासबाई आल्या. साच्यात ओतताना पळी निसटली, मेण फरशीवर पसरलं. त्या उठून दाराकडे निघाल्या.

"तुझा ट्रे तरी घेऊन जा," वैशाली म्हणाली. "आम्ही काय ह्या हातांची भाजी करू?"

इनासबाईंनी डाव्या हाताने त्यातला एक उचलून उजेडात फिरवला. "हा अंगठा कुणी केला?"

वैशालीने साचा पुसायला घेतला.

"असला हात देवळात नेतात?" त्यांनी तो उकळत्या मेणात सोडला. तळवा वितळला, बोटं तेवढी वर राहिली. मग तीही बुडाली. त्यांनी दुसरा टाकला, तिसरा टाकला. चौथा हातात घेऊन त्या स्टुलावर बसल्या.

"सोमवारपासून माल तूच तपास," काका म्हणाले.

"तपासते. पण ही वैशाली ऐकेल का?"

"रोज शिव्या खायला मी तयार आहे," वैशाली म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

घरी सगळे किनाऱ्याबद्दल विचारत होते. किनारा छान आहे, जरूर जा. मला मात्र बुडणारी बोटं दिसत राहिली. सोमवारी ऑफिसात आजारी सहकाऱ्याच्या खुर्चीवर फायलींचा ढीग दिसला. उचलायला गेलो, तर ठेवायला माझ्या टेबलाशिवाय दुसरी जागाच नव्हती.