मान मोकळी झाल्यावर

ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळात आई ईट गावाजवळच्या पाझर तलावावर रोजगार हमीच्या कामाला माती वाहायची. मी तिथून जवळच, वाशी गावात शिक्षक होतो. घरी बस म्हटलं की तिला ऐकू यायचं नाही. कामाचं माप मजुरांच्या अख्ख्या टोळीचं मिळून व्हायचं आणि मजुरी सारखी वाटली जायची. आईची मान धरली तेव्हा बायांनी तिला सावलीला बसवलं आणि तिच्या वाट्याच्या पाट्या आपसात वाहिल्या. मानेपेक्षा तिला ते जास्त लागलं.

शेक, लेप, पट्टा सगळं झाल्यावर मी तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी मानेतला एक सांधा बधिर करून पाहिला. दुखणं तेवढ्यापुरतं थांबलं, म्हणजे दोष तिथलाच. मग सुईच्या तापलेल्या टोकानं त्या सांध्याची वेदना वाहून नेणारी बारीक नस जाळायची, हे त्यांनी मला इंग्रजीत बराच वेळ समजावलं. मी आईला एका वाक्यात सांगितलं.

"म्हंजी डागच की," ती म्हणाली. "आपल्याकडं ईळा तापवून देत्यात, फुकट."

काही आठवड्यांनी मान मोकळी झाली. सांधा झिजलेलाच आहे, नस पुन्हा वाढेल, डोक्यावर ओझं नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई पुन्हा तलावावर निघाली, म्हणून मीही मागोमाग गेलो.

नव्या उपचारानं आईची मान बरी झाल्याचं ऐकून, तलावाशी काही संबंध नसलेले गावच्या सोसायटीचे चेअरमन तिथं आले. आईला शाल देऊन ते विज्ञानाच्या प्रगतीवर बोलले. बाया उन्हात उभ्या राहिल्या. तेवढं काम मापात कमी भरलं.

"माझ्यापायी त्येबी बुडलं," म्हणत आईनं शाल बाजूला ठेवली आणि डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवून भरल्या पाटीपुढं उभी राहिली. भरली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही, समोरून कुणीतरी हात द्यावा लागतो. कुणी दिला नाही.

"बसा की चेअरमनीणबाई, शाल मिळालीय," एकजण म्हणाली. बाया हसल्या.

"आता दुखत न्हाय गं. किती दिस तुमच्या जिवावर खाऊ?"

"दुखत न्हाय म्हणूनच भ्या वाटतंय, मावशी," टोळीतली थोरली म्हणाली. "दुखत व्हतं तवा निदान थांबत तरी व्हता."

शेवटी आई खाली बसली आणि हातानं ढेकळं वेचून दुसऱ्यांच्या पाट्या भरू लागली. तेवढं त्यांनी चालू दिलं. तिनं भरलेली पाटी कुणाच्या डोक्यावर चढली की ती तोंड दुसरीकडं फिरवायची. मान आता सहज फिरत होती.