कॉग्निटिव्हचा पेपर

"कॉग्निटिव्ह म्हणजे समजणं, आठवणं, ओळखणं. पागलपणा नव्हे." बाकावर शेजारी कुणीही बसलेलं असो, नवऱ्याला तपासायला आणणाऱ्या काकू त्याला हे ऐकवायच्याच. धंतोलीतल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे मी काउंटरवर बसते. मोठमोठे शब्द इथं रोज कानावर पडतात, पण त्यातला एक पदराला गाठ मारून घरी नेणारं माणूस मी हेच पाहिलं.

काका रिटायर झालेले गुरुजी. त्यांचं विसरणं वाढलं तेव्हा दीर म्हणाला, वेड लागलं. डॉक्टरांकडून उचललेल्या या शब्दानं काकूंनी त्याचं तोंड बंद केलं. मग तो शब्द त्या कुठंही वापरू लागल्या. सक्करदऱ्याहून येताना ऑटोवाला वळण चुकला तरी, "त्याचंच कॉग्निटिव्ह कमी आहे वं!"

डॉक्टर काकांना वार, महिना, गाव विचारायचे. काकूंच्या लेखी तो पेपरच. बाहेर बाकावर उजळणी चालायची.

"अहो, आज कोणता वार?"

"मंगळवार."

"पाहा! येते!"

काका पास व्हायचे आणि काकूंचा चेहरा फुलायचा.

घरी मात्र काका दार उघडून रस्ता धरायचे, म्हणून काकू आतून कुलूप लावून किल्ली कमरेला खोचत. "मी बी कोंडूनच राहिली ना," त्या एकदा म्हणाल्या. "बहिणीकडे जाईन म्हणते, तं याईले पाहीन कोण?" सांभाळायला माणूस ठेवू म्हटलं, तर पुण्याचा मुलगा फोनवर म्हणे, "डॉक्टर तर बाबा चांगले आहेत म्हणतात."

मी चिडले. "काकू, पाठ करून आणू नका. डॉक्टरांना खरं कसं कळणार?"

"अन् नापास झाले तं? जन्मभर दुसऱ्याच्या पोराईले पास केलं वं त्या माणसानं."



शेवटी एकदा काकूंनी बाकावर उजळणी घेतलीच नाही. आत काकांना वार आला नाही, गावही आलं नाही. डॉक्टरांनी स्वतः मुलाला फोन लावला आणि मुलगा माणूस ठेवायला तयार झाला. मला वाटलं, सुटल्या बिचाऱ्या. पण काकू बाहेर आल्या आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या. मलाही आवरेना.

काका त्यांच्याकडे पाहत राहिले. मग जवळ जाऊन, अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाले, "काहून रडता, बाई? पोरगा नापास झाला काय तुमचा? उद्या पाठवा त्याले शाळेत. मी शिकवतो."

काकूंनी डोळे पुसले.

"हो, गुरुजी," त्या म्हणाल्या. "पाठवते."