गुरुवारचे बिरडे आणि पाच कार्डे

माझ्या वडिलांना भाजी घेता येत नसे. हे वाक्य त्यांच्या हयातीत आमच्या घरात कोणी उच्चारले नाही. त्यांच्याइतकी पारख कोणाला नाही, असाच घरातला समज होता. तो समज मूळ त्यांचाच होता. इतरांनी तो मोडला नाही, इतकेच.

ते ठाण्याला एका कचेरीत कारकून होते. आम्ही डोंबिवलीला चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. संध्याकाळी कचेरी सुटली की ते ठाण्याच्या बाजारात जात आणि पिशवी भरून गाडी पकडत. डोंबिवलीच्या स्टेशनाबाहेर सकाळी जवळपासच्या गावांतल्या आगरी बायका पाट्या घेऊन बसत. त्यांची भाजी त्याच पहाटे तोडलेली असे. वडील ती घेत नसत, कारण तिला माती लागलेली असे. "माती मी अंगणातून आणीन. ती विकत कशाला घ्यायची?" असे ते म्हणत. चाळीला अंगण नव्हते.

त्यांचे नियम ठरलेले होते. वांगे मोठे आणि जड हवे. भेंडी वीतभर हवी. दुधी पिशवीतून बाहेर डोकावला पाहिजे. लहान, कोवळी भाजी म्हणजे पुरती न वाढलेली भाजी. ती विकणारा माणूस अर्धवट माल खपवतो आहे, असा त्यांचा पक्का ग्रह होता. आई ती जून भाजी निमूट शिजवी आणि त्यात गूळखोबरे जरा सढळ हाताने घाली. वडील जेवताना म्हणत, "बघ, निवडून आणलं की कसं लागतं."

हे आमच्यापुरते राहिले असते तर लिहिण्याजोगे काही नव्हते. पण वडील आत्याचाही बाजार करत.

आत्या ही वडिलांची धाकटी बहीण. कल्याणला दिली होती. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे आली आणि दोन वर्षे आमच्या स्वयंपाकघरात, चूल विझल्यावर तिच्यासमोर अंथरूण टाकून झोपली. मग आमच्याच चाळीत टोकाची एक खोली रिकामी झाली. आत्याने ती भाड्याने घेतली आणि पाच माणसांना दोन वेळ जेवू घालायला सुरुवात केली. पाचही जण कारकून, बिनलग्नाचे किंवा बायको गावी असलेले. तेव्हा तांदूळ आणि गहू रेशनच्या कार्डावर मिळत. खानावळीत जेवणारा माणूस आपले कार्ड खानावळवालीच्या ताब्यात देत असे. त्याच्या वाट्याचे धान्य ती उचलत असे. तो सोडून गेला की कार्ड घेऊन जाई आणि त्याचे धान्यही जाई. आत्या ती पाच कार्डे पत्र्याच्या डब्यात, लोकरीच्या दोऱ्याने बांधून ठेवी. पाच कार्डे होती तोवर ती खोली तिची होती. कार्डे गेली की पुन्हा आमची चूल विझायची वाट पाहायची, हे तिला आणि आम्हाला सारखेच ठाऊक होते.

स्वयंपाक तिचा उत्तम होता. रेशनच्या तांदळाला पोत्याचा वास येई आणि त्यात खडे असत. ती तो दोनदा निवडून, मीठ चोळून तीन पाण्यांनी धुई, अर्धा तास फडक्यावर पसरून ठेवी आणि आधणात चमचाभर तेल घाली व चार थेंब लिंबू पिळी. भात मोकळा होई, वास जाई. दुधीचे टोक ती आधी स्वतः चाखून पाही. कडू निघाला तर तो पातेल्यापर्यंत पोचत नसे. वांगी चिरून मिठाच्या पाण्यात टाकी. आमटी उरली तर दुसऱ्या दिवशी तिच्यात थालिपिठाचे पीठ भिजवी. पण जून भाजी कोवळी करण्याची युक्ती तिच्याकडे नव्हती. ती कोणाकडेच नसते.

पाचांपैकी एक रत्नागिरीकडचा होता. बोलायला तिखट. तो एकदा ताटात बघून म्हणाला, "काकू, आज बियांची भाजी केलीत? वांगं घालायला विसरलात."

आत्या म्हणाली, "वांगं वयस्कर आहे हो. जरा मान राखून खा."

सगळे हसले. ती कधीच म्हणाली नाही की ही वांगी माझ्या भावाने आणली. मी एकदा तिला म्हणालो, "आत्या, तू स्टेशनावर जाऊन स्वतः का घेत नाहीस?" ती म्हणाली, "दादा विचारतो, काय हवं. मी सांगते, कोवळं आण. तो कोवळं सोडून सगळं आणतो. आता मी पिशवी घेऊन निघाले तर तो म्हणेल, बहिणीला बाजारात उभी केली असं लोक बोलतील." वडील खरोखरच हेच म्हणत. हा विषय तीनदा निघाला आणि तीनही वेळा याच वाक्यावर संपला.

तरीही पाच जण टिकले, याचे कारण गुरुवारचे बिरडे. कडवे वाल सोमवारी रात्री भिजत घालायचे, मंगळवारी फडक्यात घट्ट बांधायचे, बुधवारी संध्याकाळी मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. दाणा दोन बोटांत दाबला की साल मागे राहते आणि डाळिंबी पुढे सुटते. जोरात दाबली तर फुटते. आत्या तासभर सोलत बसे. नंतर हिंग, आमसूल, गूळ, खोबरे. ढवळायचे नाही, पातेले हलवायचे. गुरुवारी पाचांपैकी एकही बाहेर जेवत नसे. रत्नागिरीकर त्या दिवशी गप्प जेवी.

एका वर्षी फाल्गुनात वाल संपले. आत्याने वडिलांना सांगितले, "दादा, वाल कडवे आण. बारीक, तांबूस. नवे." वडील ठाण्याहून पांढरे, टपोरे वाल घेऊन आले. दाणा अंगठ्याच्या नखाएवढा.

"दादा, हे गोडे वाल आहेत."

"मग? कडव्यापेक्षा गोडे वाईट?"

"बिरड्याला कडवेच लागतात रे. आणि हे जुने आहेत. हे बघ, भोकं."

"दोन-चार भोकं दिसणारच. दाणा बघ केवढा आहे. ते बारीक वाल म्हणजे किरकोळ माल."

आत्याने दुसरे आणायला सांगितले नाही. घरात दुसरे नव्हते आणि सोमवार होता. भोके पडलेले वाल पाण्यावर तरंगले, ते तिने काढून टाकले. उरलेल्यांतल्या निम्म्यांना बुधवारी मोड आले नाहीत. सोलताना काही दाण्यांचा चिखल झाला, काही खड्यासारखे राहिले. त्या संध्याकाळी मी तिच्या दारात उभा होतो. ती सोलत होती आणि प्रत्येक दाण्यागणिक "अरे देवा" म्हणत होती, देवाकडे काहीही न मागता.

गुरुवारी पातेल्यात पिवळा लगदा होता आणि त्यात न शिजलेले दाणे. एकाच्या दाताखाली असा एक गणंग आला. त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

शुक्रवारी सकाळी दोघे जण आत्याच्या दारात आले. एक रत्नागिरीकर, दुसरा त्याच्याच खोलीत राहणारा, अबोल, कल्याणच्या कचेरीतला. कल्याणला स्टेशनाजवळ नवी खानावळ निघाली होती. रत्नागिरीकर जमिनीकडे बघत म्हणाला, "काकू, राग नका मानू. महिनाअखेर आमची कार्डं काढून ठेवाल?"

आत्या म्हणाली, "महिनाअखेरीपर्यंत जेवणार ना?"

"हो."

"मग तेव्हा बघू."

दोन कार्डे गेली तर तिघांवर खोलीचे भाडे निघत नव्हते. आत्याने हे कोणाला समजावून सांगितले नाही. वडिलांना मी सांगितले. ते म्हणाले, "चटावलेले लोक आहेत. जाऊ दे." मी म्हणालो, "वाल वाईट होते." ते म्हणाले, "वाल वाईट नव्हते. तिने घाई केली असेल." वर्तमानपत्रात मुद्रिते तपासण्याचे काम मी तेव्हा नुकतेच धरले होते. चूक दाखवून दिली की ती दुरुस्त होते, असा माझा त्या कामामुळे समज झाला होता. तो घरात उपयोगी पडला नाही.

आत्याने दुसरा मार्ग काढला. वडील तिच्याकडे कधी जेवत नसत. भावाने बहिणीच्या खानावळीत गिऱ्हाइकांच्या पंगतीला बसणे त्यांना बरे दिसत नसे. पुढल्या बुधवारी ती आमच्या दारात आली आणि आईसमोर म्हणाली, "दादा, उद्या माझ्याकडे जेव. वाल थोडे उरलेत, तुझ्यासाठीच ठेवलेत." आईच्या समोर आणि तुझ्यासाठीच म्हणून बोलावल्यावर नाही म्हणायला त्यांना जागा उरली नाही.

गुरुवारी सहा पाने मांडली. जेवणाऱ्यांना वडील कोण हे माहीत होते. बाजार कोण करतो हे माहीत नव्हते. आत्याने तेच उरलेले वाल शिजवले होते आणि सगळ्यांना सारखे वाढले. वडिलांनी पहिला घास घेतला. चावायला बराच वेळ लागला.

"कसं झालंय?" आत्याने विचारले.

"शिजलंय की," वडील म्हणाले.

रत्नागिरीकर म्हणाला, "तुम्ही घरचे, तुम्ही असंच म्हणणार. काकूंच्या हाताला नाव नाही ठेवत आम्ही. पण यांना भाजी कोण आणून देतो, त्याला एकदा धरून इथे बसवायला पाहिजे. म्हणावं, खा."

दुसरा एक म्हणाला, "आणि वर दुधी वाढायचा. परवाचा. खांबासारखा होता."

"भेंडी विसरलात? माझ्या दातात अजून तिचे दोर आहेत."

आत्या भात वाढत होती. ती वडिलांकडे बघत नव्हती आणि बोलणाऱ्यांना थांबवतही नव्हती. वडील म्हणाले, "ताक वाढ." ताक प्यायले, हात धुतले आणि घरी आले. रात्री आईला म्हणाले, "हल्लीच्या पोरांचे दात कमजोर आहेत."

पण शनिवारी कचेरीतून येताना त्यांनी आत्यासाठी काही आणले नाही. "उद्यापासून तुझं तू बघ. मला ठाण्याला काम वाढलंय," असे तिला दारातून सांगितले. काम वाढलेले नव्हते. बरोबर कोणी पुरुष हवा, एवढी अट मात्र घातली. म्हणून रविवारी सकाळी मी आत्याबरोबर स्टेशनावर गेलो.

ती डोक्यावरून पदर घेऊन एका आगरी बाईच्या पाटीसमोर बसली आणि पाऊण तास उठली नाही. मला वाटले होते, तिला संकोच होईल. संकोच मला झाला. तिने प्रत्येक वांगे उचलून हलके आहे का पाहिले, देठ हिरवा आहे का पाहिले, भेंडीचे टोक मोडले.

ती बाई वैतागली. "बाय, सगल्या मोरशील तर मी घरी काय न्यू?"

"कोवळी असेल तर सगळी घेईन."

"कवलीच हाय. माझे पोरीनं तोरली सकाली."

"मग मोडू दे की."

वाल घेताना तिने दोन दाणे तोंडात टाकले, तिसरा नखाने सोलला आणि त्या बाईला विचारले, "यंदाचे?" बाई म्हणाली, "यंदाचेच, भाताच्या मागचे. अजून शेतात उभे हायत, चल दाखवते." आत्या खरोखरच जायला निघाली. मी तिला कसाबसा परत आणला. शिवाय घरी आल्यावर तिने तीन वांगी बाजूला काढली आणि म्हणाली, "ही नीट नाहीत. जा, बदलून आण." मी दोन फर्लांग परत गेलो. भावंडांत साम्य असते, हे तोवर माझ्या लक्षात आले नव्हते.

तिने आणलेल्या वालांचे पहिले बिरडे महिना संपायच्या आधीच्या गुरुवारी झाले. रत्नागिरीकर गप्प जेवला. महिनाअखेर दोघे दारात आले तेव्हा आत्याने डब्यातून त्यांची कार्डे काढून उंबऱ्यावर ठेवली होती. अबोल माणसाने आपले उचलले. कल्याणची खानावळ त्याच्या कचेरीशेजारी होती आणि त्याने शब्द देऊन टाकला होता. रत्नागिरीकराने आपले कार्ड उंबऱ्यावरच राहू दिले आणि विचारले, "काकू, संध्याकाळी काय आहे?"

चार कार्डे राहिली. चारांवर खोली जेमतेम निघत होती. पुढचा सबंध महिना आत्याने स्वतःच्या पानात दूध घेतले नाही.

त्यानंतरच्या महिन्याच्या सुरुवातीला एक नवा माणूस आला. वडिलांच्या कचेरीत कुलाबा जिल्ह्यातून बदली होऊन आलेला, डोंबिवलीला खोली मिळालेला. त्याने आत्याच्या हातात आपले कार्ड दिले आणि म्हणाला, "तुमच्या बंधूंनी आग्रहाने पाठवलं. मी विचारलं, खानावळीतली भाजी कशी असेल. ते म्हणाले, काळजी करू नका, बहिणीला बाजार मी स्वतः शिकवलाय."

मी तिथेच होतो. मला हसू आले नाही. मला वडिलांच्या कचेरीत जाऊन सगळे खुलासेवार सांगावेसे वाटले. आत्याने कार्ड उलटसुलट करून पाहिले, त्यावरचा शिक्का तपासला.

"खरं आहे," ती म्हणाली. "दादामुळेच शिकले मी. पाय धुऊन या, पान मांडते."