वगळायचं पत्र

"तुम्ही ऐकलेलं नसणार," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. समोरच्याने ऐकलेलं असलं तरी.

पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, आलेला एखादा नवा पाहुणा सहज विचारायचा, "काका, रिटायर झाल्यावर काय करता?" मग ते सांगायचे की गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या एका जर्मन संगीतकाराचं चरित्र लिहितोय, तेही मराठीत. नाव सांगायचे आणि लगेच म्हणायचे, "तुम्ही ऐकलेलं नसणार." पाहुणा पुलाव आणायला म्हणून उठायचा, तो परत फिरकत नसे. असा एक माणूस तुमच्याही ओळखीत असेल. अमेरिकेतल्या आमच्या शॉमबर्ग गावात हे होते.

मला ते आवडत नसत, हे आधीच सांगून टाकते. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली इंजिनियर म्हणून नोकरी केली. माझं ड्रॉइंग भर मीटिंगमध्ये वर धरून ते विचारायचे, "हे कुणी तपासलंय, की तपासायचं असतं हेच माहीत नाही?" एकदा मी आजारी मुलाला घरी ठेवून आले होते, त्या दिवशीसुद्धा.

तरुणपणी दोन वर्षं ते जर्मनीत एका कारखान्यात ट्रेनिंगला होते. तिथली घरमालकीण दर रविवारी त्या संगीतकाराची गाणी पियानोवर वाजवायची. भाषा ते तिच्याकडून शिकले आणि गाण्यांचं वेड तिथूनच लागलं. तो संगीतकार विद्यार्थ्यांचा अपमान करायचा, बायकोशी आठवडे आठवडे बोलायचा नाही. हे सगळं काका कौतुकाने सांगायचे. काकू म्हणायच्या, "यांच्या जर्मनाला सगळं माफ."

त्यांच्या बेसमेंटमध्ये ही गाणी ऐकायला फक्त सुधीर जायचा. सुधीर नागपूरचा, ऑफिसात आमच्याच ग्रुपमधला. दर शुक्रवारी ऑफिस सुटलं की दोघं एकाच गाडीने निघायचे. काका ज्याच्याशी सरळ बोलत, असा तो एकटाच.

मग कंपनीत लेऑफ झाले आणि काढायच्या माणसांच्या यादीत सुधीरचं नाव आलं. त्याचं ग्रीन कार्ड अडकलेलं होतं, नोकरी गेली तर देश सोडावा लागणार होता. दुसरा एक ग्रुप त्याला घ्यायला तयार होता, फक्त काकांनी शिफारशीची एक ईमेल करायची होती. ती त्यांनी केली नाही. त्यांची स्वतःची खुर्ची तेव्हा डळमळत होती, त्यात यादीतल्या माणसासाठी शब्द टाकणं त्यांना नको होतं. सुधीर शाळेचं वर्ष अर्धं टाकून मुलांना घेऊन नागपूरला गेला. एअरपोर्टवर सोडायला मी गेले. काका आले नाहीत.

इतकं असूनही त्यांचं पुस्तक टाइप करायला मी गेले, ती काकूंसाठी. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनी डबे पोचवले होते. "त्यांना मराठी टायपिंग जमत नाही गं, दुसऱ्या कुणाला ते सांगणार नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या. दर शनिवारी ते सांगायचे आणि मी टाइप करायचे. "ऱ्हस्व. ऱ्हस्व म्हटलं मी. तुझं मराठी पार शॉमबर्गचं झालंय."

अकराव्या प्रकरणात संगीतकाराचा मित्र आला. हा ज्यू कवी, निम्म्या गाण्यांचे शब्द त्याचे. जर्मनीत राज्य बदललं आणि ज्यूंचा छळ सुरू झाला, तेव्हा त्याने संगीतकाराला लिहिलं की अमेरिकेतल्या तुझ्या ओळखीच्या माणसाला माझ्यासाठी दोन ओळी लिही. उत्तर एका ओळीचं होतं: 'कृपया यापुढे मला पत्र लिहू नये.' पुढे त्या कवीचा कुठेच पत्ता लागत नाही. दोन्ही पत्रांचे स्कॅन काकांनी एका विद्यापीठाच्या संग्रहातून मागवले होते.

त्यांनी मला ती दोन्ही वाचून दाखवली आणि म्हणाले, "हे वगळ."

"का?"

"संगीताशी त्याचा संबंध नाही."

"मी वगळणार नाही."

"तू टायपिस्ट आहेस."

"आणि तुम्ही सुधीरचे मित्र होतात," मी म्हणाले.

ते उठले, माझा लॅपटॉप बंद केला आणि दार उघडून उभे राहिले. काकू स्वयंपाकघरातून बघत होत्या. गाडीत बसल्यावर मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

पाच महिने आमचं बोलणं नव्हतं. मग एका दुपारी ते आमच्या गराजपाशी येऊन उभे राहिले. वाळले होते. मी आत बोलावलं, ते आले नाहीत. हातातले कागद पुढे केले. अकरावं प्रकरण त्यांनी हाताने पुन्हा लिहिलं होतं. दोन्ही पत्रं पूर्ण घातली होती आणि खाली लिहिलं होतं: 'दोन ओळी लिहायला त्याला काहीही अडचण नव्हती. तो घाबरला.'

"टाइप कर," ते म्हणाले. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "सुधीरला फोन केला होता."

"काय म्हणाला?"

"राँग नंबर म्हणाला. आवाज त्याचाच होता."

समजूत घालावी असं वाटलं नाही, आणि घातली असती तर त्यांनी ती घेतली नसती.

मार्चमध्ये ते गेले. फ्युनरल होममध्ये एकेक जण उठून त्यांच्या शिस्तीबद्दल, ज्ञानाबद्दल चांगलं बोलून गेला. त्यांची मुलगी इथेच जन्मलेली, सिॲटलला वकील आहे. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मावशी, वॉज ही नाइस टु यू?"

"नाही," मी म्हणाले.

तिने मोठा श्वास सोडला. "थँक यू. सकाळपासून सगळे खोटं बोलतायत."

टाइप केलेलं प्रकरण मी काकूंसाठी आणलं होतं. तिने ते हातात घेतलं. तिला मराठी वाचता येत नाही. तिने विचारलं, "हा कंपोझर बाबांना एवढा का आवडायचा?"

"ते मलाही कधी कळलं नाही," मी म्हणाले. "पण शेवटी त्यांनी त्याची बाजू घेतली नाही."

"व्हेअर? कुठे लिहिलंय?"

मी पान उलटून ती ओळ दाखवली. न कळणाऱ्या अक्षरांखालून ती हळूहळू बोट फिरवत राहिली.