संप नाही, संधिवात!

चार बायका एका टेबलाभोवती बसल्या की किस्से साठतात म्हणे. आमच्याकडे उलटं झालं. आम्ही उठायला लागलो आणि किस्से साठले!

मी लोणावळ्यातल्या एका चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर. टेबलाला आम्ही सहाजणी, त्यातल्या चौघींना संधिवात. सगळ्यांत जास्त त्रास पारूमावशींना. पवनानगरहून रोज यायच्या. गुडघे असे आखडायचे की सुट्टी झाल्यावर स्टुलावरून उठवायला दोघी लागायच्या. "म्हैनाअखेर काम सोडते," म्हणाल्या होत्या.

मी त्यांना धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चालू ठेवा. पण सलग बसू नका. दर अर्ध्या तासाला उठून दोन मिनिटं चाला."

"त्याचं किती पैसं?"

"चालायचे कसले पैसे, मावशी!"

बाहेर आल्यावर मावशींनी मला हळूच विचारलं, "फुकाटचं औषीद. लागू पडंल व्हय गं?"

*

दुसऱ्या दिवशी मी मोबाईलवर अलार्म लावला. तो वाजला तशा सहाहीजणी एकदम उभ्या राहिलो. शेठ पुढच्या दुकानातल्या गल्ल्यावरून धावत आले. "काय झालं? संप आहे का?"

पारूमावशी टेबलाला धरून म्हणाल्या, "संप न्हाई शेठ, संधिवात!"

*

शेठनी कॅल्क्युलेटर काढला. दोन मिनिटं, सहा बायका, दिवसातून सोळा वेळा... "अहो, दिवसाला तीन तास नुसते चालण्यात जातील!"

"मागल्या म्हैन्यात गुडघ्यापायी माझं सात खाडं झालं," मावशी म्हणाल्या. "तवा बदली बाई आणलीत. तिचा पगार बी टाका की त्यात!"

शेठनी बटणं दाबली, परत दाबली आणि कॅल्क्युलेटर खिशात ठेवला. "एक महिना बघू. माल मात्र रोजच्याइतका निघाला पाहिजे."

"निघेल," मी म्हटलं. कसा ते ठाऊक नव्हतं, पण म्हटलं!

*

पहिल्या आठवड्यात माल कमीच पडला. मग मी चालण्यालाच काम जोडलं. अलार्म वाजला की जिने तिने आपली भरलेली पाकिटं कारखान्याच्या पुढच्या दुकानात नेऊन ठेवायची. रांगेने निघायचो. एका पर्यटक बाईंनी फोन वर धरून विचारलं, "ही परेड किती वाजता असते?"

मावशी मागे न बघता म्हणाल्या, "दर अर्ध्या तासाला. तिकीट न्हाई!"

*

पारूमावशींना घरी सून प्रेमाने हातात रिमोट द्यायची, "बसा आत्या निवांत." मावशींनी रिमोट नेऊन शेजारणीकडे ठेवला. च्यानेल बदलायचं तर तिच्या दारापर्यंत जायचं! चौथ्या दिवशी शेजारीण रिमोट घेऊन स्वतःच आली. "मावशी, सीरियल लावा, मी पण बघते. पण सारख्या येऊ नका!"

*

महिना संपला. माल रोजच्याइतका निघत होता. मावशींचे गुडघे काही बरे झाले नव्हते. दुखायचेच. पण आता उठायला कुणाचा हात लागत नव्हता, आणि खाडा एकच झाला होता. काम सोडायचं नाव त्यांनी काढलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

शेठ इतके खूश झाले की बदली बाईच्या वाचलेल्या पगारातून त्यांनी मावशींसाठी खुर्ची आणली. जाड गादी, हात टेकायला दांडे, पाठीला उशी! सगळ्यांसमोर म्हणाले, "मावशी, ही तुमची. आता आरामात बसून काम करायचं."



मावशींनी गादी दाबून बघितली. पाठीवरून हात फिरवला. मग जमिनीवरची लेबलांची दोन खोकी उचलून खुर्चीवर ठेवली.

"लय झ्याक केलंत शेठ. आता वाकाया नगं!"