रामहरीभाऊ जावा शिकले

कोपरगाव तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात रामहरी औताडे कॉम्प्युटर विभागात होते. खरं म्हणजे ते स्वतःच तो विभाग होते. कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे कारकून त्याला हात लावायला भ्यायचे. रामहरीभाऊ पुण्याला जाऊन फॉक्सप्रो ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकून आले आणि उसाच्या वजनाच्या पावत्या काढणारा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला. तेव्हापासून दर हंगामात वजनकाट्यावरची प्रत्येक पावती त्याच प्रोग्राममधून निघायची. कुणाच्या लग्नाला गेले की मंडपात कुणीतरी ओळख करून द्यायचं, "हे आपल्या कारखान्याचे कॉम्प्युटरवाले भाऊ." ते "त्यात काय एवढं" म्हणायचे, पण आणखी कुणी म्हणतंय का, याकडे कान लावून असायचे.

मग अरफा आली. अरफा शेख श्रीरामपूरची, पंचविशीतली, इंजिनिअर झालेली. संचालक मंडळानं ठरवलं होतं की जुना प्रोग्राम बंद करायचा आणि सगळं तिच्याकडून नव्यानं जावा नावाच्या भाषेत लिहून घ्यायचं, म्हणजे शेतकऱ्याची पावती थेट त्याच्या मोबाईलवर जाईल. कार्यकारी संचालकांनी रामहरीभाऊंना केबिनमध्ये बोलावलं.

"औताडे, हंगाम सुरू व्हायच्या आत त्या मुलीकडून जावा शिकून घ्या. पुढं तुम्हालाच सांभाळायचंय. नाही जमलं तर स्टोअरला जावं लागेल."

"तिच्याकडून?"

"मग काय माझ्याकडून शिकताय?"

घरी आल्यावर त्यांनी बायकोला, मनकर्णाबाईंना सांगितलं, "कारखान्यात आता जावा येणार."

"कुणाच्या जावा?" भाकरी थापता थापता त्यांनी विचारलं.

"अगं, भाषा आहे ती. कॉम्प्युटरची."

"नाव बरं शोधलंय. म्हंजी आता भांडणं हायतच."

रामहरीभाऊ हसले नाहीत.

शिकवणी रोज दुपारी, जेवणानंतर. पहिल्याच दिवशी अरफानं त्यांना "काका" म्हटलं. आजवर ऑफिसात सगळे "भाऊ" किंवा "साहेब" म्हणायचे.

"काका, क्लास म्हणजे साचा," तिनं सांगितलं. "गुळाच्या ढेपेचा असतो ना, तसा. आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून निघालेली ढेप. साचा एकच, ढेपा हव्या तेवढ्या."

"ते कळलं. पण प्रोग्राम वाचायचा कुठून? पहिली ओळ कुठली?"

"'मेन' नावाच्या भागापासून सुरू होतो. बाकीच्यांना हाक मारली की ते येतात."

हेच त्यांना पटेना. त्यांचा प्रोग्राम वरून खाली वाचत गेलं की संपायचा. इथं पन्नास फायली, जो तो आपापल्या घरात, आणि वर 'प्रायव्हेट' म्हणून दार लावून बसलेला. शिवाय फॉक्सप्रोला मोठं अक्षर काय नि लहान काय, सगळं सारखं. जावाला तसं चालत नव्हतं. जरा चुकलं की ओळ लाल व्हायची, रामहरीभाऊ चष्मा वरखाली करत चूक शोधायचे, आणि अरफा स्वतःच्या कामातून मान वर न करता म्हणायची, "काका, एस मोठा."

शिव्या दिल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. ते मान वर न करता सांगणं त्यांना सहन व्हायचं नाही.

हळूहळू त्यांना सगळंच दिसायला लागलं. शिपाई चहा आधी तिच्या टेबलावर ठेवतो. त्यांना फोनवरून हाक मारणारे मुख्य लेखापाल तिच्याकडे स्वतः चालत येतात. तिची बोटं कीबोर्डवर पळत असतात आणि त्याच वेळी ती इअरफोनवर आईशी बोलून हसतही असते. आपल्याला काम करताना कधी हसू आलं होतं का, हे ते आठवून बघायचे.

एक दिवस तिनं विचारलं, "काका, ट्रॅक्टरचं भरलेलं वजन आणि रिकामं वजन घेतलंय मी. अजून काही लागतं का?"

लागत होतं. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात. एखादी रस्त्यात पंक्चर होऊन मागं राहते आणि दुसऱ्या दिवशी त्याच पावतीवर काट्यावर येते. पूर्वी यावरून यार्डात मोठी भांडणं झाली होती, आणि मग रामहरीभाऊंनी आपल्या प्रोग्राममध्ये त्याची खास सोय केली होती.

"नाही," ते म्हणाले. "एवढंच."

त्या संध्याकाळी त्यांना हलकं हलकं वाटलं. हंगामाचा पहिला आठवडा त्यांच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. यार्ड तुंबलेलं, शेतकरी ओरडतायत, आणि साहेब धावत येऊन म्हणतायत, "औताडे, तुम्हीच बघा आता." भाजीत मीठ नव्हतं तरी ते काही बोलले नाहीत. मनकर्णाबाईंनी दोनदा त्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

पुढे दोन-तीन दिवस अरफा टेबलावर दिसली नाही. आली तेव्हा ओढणीवर धूळ होती.

"काट्यावर होते," ती म्हणाली. "दुरुस्ती चाललीय ना, तर सहादेवकाकांजवळ बसून सगळं विचारून घेतलं." सहादेव हा काट्यावरचा जुना माणूस. "ते म्हणाले, 'एक ट्रॉली वाटंत बसली की दुसऱ्या दिशी येती. रामहरीभाऊंनी केल्ती की त्याची सोय. त्यांना इचारलं न्हाई व्हय?'"

रामहरीभाऊंनी पाण्याची बाटली उचलली आणि न पिता खाली ठेवली.

तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. "मी ट्रॉलीचा क्लासच वेगळा केला. ट्रॅक्टरजवळ फक्त त्याच्या ट्रॉल्या कोणत्या, एवढंच. आज एक आली, उद्या दुसरी आली, तिसरी जोडली, काही बिघडत नाही. प्रत्येक ट्रॉली आपलं वजन आपण सांभाळते. ट्रॅक्टरनं नुसतं विचारायचं."

रामहरीभाऊ बघत राहिले. त्यांनी केलेली सोय म्हणजे अटींवर अटी रचलेली उतरंड होती. तिला हात लावायला ते स्वतःच भ्यायचे. इथं चार ओळींत काम झालं होतं. क्लास म्हणजे काय, ऑब्जेक्ट म्हणजे काय, हे त्यांना त्या क्षणी खरोखर कळलं. आणि कळल्याबरोबर छातीत जे जळलं, तसं आजवर जळलं नव्हतं. चहा, साहेब, लेखापाल, सगळं त्यापुढं किरकोळ होतं. हे आपल्याला सुचलं नाही, आणि सुचलंही नसतं, हे त्यांना दिसत होतं.

"मला माहीत होतं ट्रॉलीचं," ते म्हणाले. "मुद्दाम सांगितलं नाही."

अरफानं इअरफोन काढून ठेवला. "आधी वाटलं, विसरला असाल. मग वाटलं, तुम्ही विसरणाऱ्यातले नाही." तिनं सरळ सांगितलं, "राग आला होता, काका. अजून आहे."

तिनं स्क्रीन परत आपल्याकडे वळवला. मग म्हणाली, "बैलगाडीचा क्लास अजून राहिलाय. तो तुम्ही लिहा. मी बघणार नाही."

ती खरंच बघायला आली नाही. रामहरीभाऊंनी दोन दुपारी घालवल्या. 'वाहन' नावाचा क्लास तिनं आधीच लिहिला होता. गाडीचा नंबर, गाडीवानाचं नाव, सगळं त्यातून आपोआप मिळत होतं. बैलगाडीचं जे वेगळं, तेवढंच लिहायचं होतं. शेवटी एकही ओळ लाल राहिली नाही आणि वजन बरोबर आलं.

"चाललं?" तिनं लांबूनच विचारलं.

"चाललं."

"आता रिकाम्या गाडीचं वजन भरलेल्यापेक्षा जास्त टाकून बघा."

त्यांनी टाकलं. ऊस उणे चार टन निघाला. ते पुन्हा कीबोर्डसमोर बसले.

गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडून गाळप सुरू झालं त्या दिवशी अध्यक्षांनी अरफाला शाल दिली. रामहरीभाऊ मागच्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि कुणाची टाळी जास्त वेळ चालते ते ऐकत होते. हंगाम नीट गेला. त्यांना स्टोअरला जावं लागलं नाही.

पुढच्या वर्षी अरफाला पुण्यात मोठ्या कंपनीत नोकरी लागली. तिची खुर्ची रिकामी झाली तेव्हा आता सुटलो, असं त्यांना वाटलं होतं. एकदा अडलं म्हणून त्यांनी तिला फोन केला. तिनं नीट ऐकून घेतलं, चूक कुठं असेल ते सांगितलं. मध्येच पलीकडून कुणीतरी म्हणालं, "अरफा, हे बघ ना जरा," आणि दोघं-तिघं हसले.

"आले," ती तिकडं म्हणाली. "काका, नंतर करते हं फोन."

रामहरीभाऊंनी फोन टेबलावर ठेवला. तिनं सांगितल्याप्रमाणे चूक सापडली, दुरुस्तही झाली. पण ते हसणारे कोण असतील, तिच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसत असेल, हे दिवसभर त्यांच्या डोक्यातून गेलं नाही.